फॉरमॅट मारण्यापूर्वी एकदा सेफ मोड

(नंदुरबार येथे तरुण-तरुणींच्या संगणक शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तरुणांसमोर करिअरवर बोला." मी म्हटले, मी दुकानदार माणूस. कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आणि त्याला लागूनच फॉर्म भरण्याचे सेवा केंद्र, एवढीच माझी दुनिया. करिअरवर बोलणारे पुष्कळ भेटतील. मला बोलवायचेच असेल तर एका छोट्या गोष्टीवर बोलतो: कॉम्प्युटर चालू होत नसेल तर तो सेफ मोडमध्ये कसा चालू करायचा. फोनवर जरा शांतता पसरली. बहुतेक त्यांना वाटले असेल, हा काय विषय झाला? पण आज तुमच्यासमोर उभा आहे, म्हणजे त्यांनी मान्य केले. त्यांचे आभार.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. हुशारीच्या गोष्टी नंतर.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. दुकानात उमेदवारी करून आठ महिने झाले होते आणि आपल्याला सगळे येते असे वाटू लागले होते. आमच्या मोहल्ल्यात एक निवृत्त शिक्षक राहायचे. उर्दू शाळेत आयुष्य गेले होते त्यांचे. सगळे त्यांना सर म्हणायचे. सरांना एक छंद होता, म्हणजे आम्ही त्याला छंद म्हणायचो. ते लोकांच्या घरी जाऊन जुने कागद मागायचे. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुनी घरपट्टीची पावती. तो कागद स्कॅन करायचे, त्यावर घराण्याचे नाव टाकायचे आणि कॉम्प्युटरवर ठेवायचे.

का, ते तुमच्यातल्या अनेकांना सांगायला नको. बागवान, पिंजारी, मोमीन, मणियार अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसीमध्ये येतात. पण जातीचा दाखला काढायला गेले की १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी आपले कुटुंब महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा मागतात. तो पुरावा म्हणजे आजोबांचा एखादा पिवळा पडलेला कागद. तो पत्र्याच्या पेटीत असतो, त्याला वाळवी लागते, पावसाचे पाणी लागते. सर म्हणायचे, कागद जाण्याआधी त्याचा फोटो तरी राहू दे. आठ वर्षे त्यांनी हे काम केले.

एके दिवशी त्यांचा कॉम्प्युटर दुकानात आला. विंडोज ७ होते. आदल्या दिवशी त्यांनी कुणाकडून तरी पेन ड्राइव्हमधून अँटीव्हायरस टाकून घेतला होता. तेव्हापासून विंडोजचे चिन्ह दिसायचे, स्क्रीन काळी व्हायची आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. मी दोनदा बटण दाबून पाहिले आणि निकाल दिला, "सर, विंडोज उडाले. फॉरमॅट मारावे लागेल."

सरांनी एकच प्रश्न विचारला, "माझे कागद राहतील ना?"

मी म्हटले, "डी ड्राइव्हमध्ये असतील तर राहतील."

सरांना डी ड्राइव्ह म्हणजे काय हे माहीत नव्हते आणि मी समजावले नाही. त्यांचे सगळे फोल्डर डेस्कटॉपवर होते. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो. मी सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, नवीन विंडोज टाकले, तीनशे रुपये घेतले. संध्याकाळी सरांचा फोन आला. ते ओरडले असते तर बरे झाले असते. ते फक्त म्हणाले, "बेटा, ते सगळे कुठे गेले?"

पुढची दोन वर्षे सर पुन्हा घरोघर फिरले. मीही सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जायचो. निम्म्याहून जास्त कागद पुन्हा मिळाले. काही मिळाले नाहीत, कारण मधल्या काळात मूळ कागद खराब झाले होते. एका घरातल्या मुलीचा दाखला त्यामुळे वेळेत निघाला नाही आणि तिच्या वडिलांनी खुल्या प्रवर्गाची पूर्ण फी भरली. त्यांनी मला कधी काही म्हटले नाही. आजही बाजारात भेटले की सलाम करतात, आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही.

पुढे मी हार्डवेअरचा कोर्स करायला सुरतेला गेलो. तिथे तिसऱ्या की चौथ्या दिवशी शिकवणाऱ्यांनी मुद्दाम एका मशीनमध्ये बिघाड करून ठेवला. अगदी तोच. चिन्ह, काळी स्क्रीन, पुन्हा चिन्ह. त्यांनी सुरू होताना एफ८ ची कळ दाबली, यादीतून सेफ मोड निवडला, मशीन उघडले, आदल्या दिवशी टाकलेला प्रोग्राम काढून टाकला आणि रीस्टार्ट केले. मशीन चालू! दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत. बाकीची मुले वहीत लिहून घेत होती. मी सरांचा कॉम्प्युटर आठवत होतो.

म्हणून आजचा विषय हा.

सेफ मोड म्हणजे नेमके काय?

तुम्ही बटण दाबता तेव्हा कॉम्प्युटरमध्ये एकामागून एक कामे होतात. आधी मशीन स्वतःचे भाग तपासते: मेमरी आहे का, डिस्क आहे का. मग डिस्कवरून विंडोजचा गाभा उचलला जातो. त्यानंतर येतात ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि एखादे यंत्र यांच्यामधला दुभाषा. स्क्रीनचा वेगळा, प्रिंटरचा वेगळा, आवाजाचा वेगळा, अंगठा घेणाऱ्या यंत्राचा वेगळा. मग पडद्यामागे चालणाऱ्या सेवा सुरू होतात. शेवटी तुम्ही लॉगिन केले की आपोआप सुरू होणारे प्रोग्राम येतात. यातला एक जरी बिघडला तरी सगळी गाडी अडू शकते आणि बाहेरून आपल्याला एवढेच दिसते की "चालू होत नाही".

सेफ मोडमध्ये विंडोज यातले फक्त अत्यावश्यक तेवढे उचलते. गाभा, कीबोर्ड, माऊस, डिस्क आणि स्क्रीनचा एक साधा ड्रायव्हर. बाहेरून टाकलेले बहुतेक सगळे दाराबाहेर राहते. म्हणून पडदा काळा दिसतो, अक्षरे मोठी दिसतात, कोपऱ्यांत "सेफ मोड" असे लिहिलेले असते, आवाज येत नाही आणि प्रिंट सहसा निघत नाही. घाबरू नका, काही मोडलेले नसते.

धडगावला जाणारी जीप तुम्ही पाहिली आहे. आत माणसे, टपावर पोती, मागे लटकलेली पोरे. चांदसैली घाटात ती चढेना, तर ड्रायव्हर काय करतो? लगेच इंजिन खोलत नाही. आधी सगळ्यांना उतरवतो, पोती उतरवतो आणि रिकामी जीप चढते का ते बघतो. चढली, तर इंजिन ठीक आहे, दोष ओझ्यात आहे. रिकामी सुद्धा चढली नाही, तर बॉनेट उघडायचे. सेफ मोडचा पहिला उपयोग हाच. मशीन सेफ मोडमध्ये नीट चालले, तर विंडोजचा गाभा आणि त्याचे मूळ ड्रायव्हर बहुधा ठीक आहेत. दोष नंतर टाकलेल्या एखाद्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रामचा. सेफ मोडमध्येही तोच त्रास असेल, तर विंडोजच्या मूळ फायली खराब झाल्या असतील किंवा डिस्क, मेमरी अशा एखाद्या भागातच बिघाड असेल.

म्हणजे सेफ मोड दुरुस्ती करत नाही. तो दोष कुठे आहे ते दाखवतो आणि दुरुस्ती करायला हात घालता येईल एवढी जागा देतो.

आत जायचे कसे?

सेफ मोड विंडोज ९५ पासून आहे. एक्सपी आणि विंडोज ७ मध्ये सुरू होतानाच एफ८ दाबले की यादी यायची. जुन्या माणसांना अजून तेच माहीत आहे. नव्या लॅपटॉपवर ते एफ८ दाबत बसतात आणि काही होत नाही. कारण विंडोज ८ पासून मशीन इतके पटकन सुरू होऊ लागले की एफ८ दाबायला दोनशे मिलिसेकंदसुद्धा मिळत नव्हते, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. म्हणून ती सोय मुळातच बंद ठेवली गेली. आता विंडोज १० आणि ११ वर दोन रस्ते लक्षात ठेवा.

पहिला रस्ता, लॉगिनच्या पडद्यापर्यंत मशीन येत असेल तर. खाली कोपऱ्यात पॉवरचे चिन्ह असते. शिफ्टची कळ दाबून धरा आणि तशीच दाबलेली असताना रीस्टार्ट निवडा. निळा पडदा येईल. त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, मग रीस्टार्ट. मशीन पुन्हा सुरू होऊन क्रमांकांची यादी दाखवेल. ४ दाबले की सेफ मोड. ५ दाबले की नेटवर्किंगसह सेफ मोड, म्हणजे इंटरनेटसकट.

दुसरा रस्ता, मशीन लॉगिनपर्यंत येतच नसेल तर. सरांच्या मशीनसारखे. बटण दाबा. विंडोजचे चिन्ह दिसू लागले की तेच बटण दहा सेकंद दाबून धरा, मशीन बंद होईल. पुन्हा चालू करा, पुन्हा तसेच बंद करा. साधारण तिसऱ्यांदा विंडोज स्वतःच ओळखते की काहीतरी बिघडले आहे आणि दुरुस्तीचा तोच निळा पडदा आणते. पुढचे सगळे पहिल्या रस्त्यासारखेच.

एक तिसरा रस्ताही आहे, पण तो जपून. एमएसकॉन्फिग नावाच्या खिडकीत बूट या भागात सेफ बूटची चौकट असते. तिथे खूण केली की मशीन दरवेळी सेफ मोडमध्येच सुरू होते, तुम्ही ती खूण काढेपर्यंत. एक मुलगा ती खूण करून माझ्याकडे आला, कारण त्याला सेफ मोडमध्ये पासवर्ड आठवेना. आत जाता येत नाही म्हणून खूण काढता येत नाही, आणि खूण काढत नाही म्हणून मशीन दुसरीकडे कुठे जात नाही. त्या खिडकीच्या नादी लागू नका, पहिले दोन रस्ते पुरे आहेत.

आणखी एक सांगतो. अनेकजण म्हणतात, "मी बंद करून चालू केला, तरी तेच." विंडोज १० आणि ११ मध्ये शटडाऊन म्हटले की बऱ्याचदा गाभा पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे नव्याने उचलले जाते. म्हणून काहीही करण्यापूर्वी एकदा शटडाऊन नव्हे, रीस्टार्ट करून बघा. निम्मे गिऱ्हाईक तिथेच बरे होते आणि माझा धंदा बुडतो.

आत गेल्यावर काय करायचे?

क्रम लक्षात ठेवा. तो मी फार महाग किंमत देऊन शिकलो आहे.

सगळ्यात आधी पेन ड्राइव्ह लावा. सेफ मोडमध्ये पेन ड्राइव्ह चालतो. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाऊनलोड्स आणि फोटो, जे गमावून चालणार नाही ते सगळे कॉपी करा. दुरुस्ती नंतर. मशीन परत मिळते, कागद मिळत नाहीत.

मग स्वतःला विचारा: हे सुरू होण्याच्या आधी मी काय बदलले? नवीन प्रोग्राम? नवीन प्रिंटर? अपडेट? दहापैकी सात-आठ वेळा उत्तर इथेच सापडते. प्रोग्राम असेल तर तो काढा. काही प्रोग्राम सेफ मोडमध्ये निघत नाहीत, कारण त्यांना काढणारी विंडोजची सेवाच तिथे बंद असते. मग सिस्टीम रिस्टोअर वापरून दोन-चार दिवस मागच्या अवस्थेत जाता येते. त्याने तुमचे फोटो, फायली जात नाहीत. प्रोग्राम आणि ड्रायव्हर तेवढे मागे जातात. ड्रायव्हरचा संशय असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, त्या यंत्रावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर. तिथे रोल बॅकचे बटण दिसले तर आधीचा ड्रायव्हर परत आणा. नाही दिसले तर अनइन्स्टॉल करा.

मूळ फायलींचा संशय असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि एस, एफ, सी ही तीन अक्षरे, मग एक जागा, मग तिरपी रेघ देऊन स्कॅननाऊ असे टाइप करा. विंडोज स्वतःच्या फायली तपासून खराब झालेल्या बदलते. थोडा वेळ लागतो, चहा प्या.

आणि दोषी कोण तेच कळेना तर? तेव्हा साध्या विंडोजमध्ये येऊन, बाहेरून टाकलेले आपोआप सुरू होणारे सगळे प्रोग्राम बंद करा आणि त्यातले निम्मे चालू करून बघा. त्रास झाला नाही, तर दोषी उरलेल्या निम्म्यात. मग त्यातले निम्मे. सोळा प्रोग्राम असले तरी चार फेऱ्यांत एक उरतो. एकेक करून तपासायला बसलात तर सोळा वेळा रीस्टार्ट करावे लागेल.

जगभरातल्या मोठ्या कंपन्यांनाही हेच करावे लागले

तुम्हाला वाटेल, हे नंदुरबारच्या जुन्या कॉम्प्युटरचे उपाय. मग १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. क्राउडस्ट्राइक नावाची अमेरिकन कंपनी मोठ्या संस्थांना संगणक सुरक्षेचे सॉफ्टवेअर देते. आपल्या वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या सुमारास तिने एक छोटी अपडेट फाइल पाठवली. त्या फाइलमध्ये चूक होती. कंपनीने सव्वा-दीड तासात ती मागे घेतली, पण तोवर जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली होती. विमानतळ, बँका, दवाखाने ठप्प. आपल्याकडे इंडिगोने प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील.

मशीन सुरूच होत नव्हते, त्यामुळे अनेक मशीनवर दुरुस्ती इंटरनेटवरून पाठवता येईना. मग उपाय काय सांगितला गेला? सेफ मोडमध्ये जा, विंडोजच्या ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये त्या कंपनीचा फोल्डर उघडा, २९१ क्रमांकाची ती फाइल पुसा आणि रीस्टार्ट करा. माणसे एकेका मशीनसमोर जाऊन हे करत होती. त्या दिवशी मोठ्या शहरांतल्या मोठ्या पगाराच्या इंजिनियरांनी जे केले, ते तुम्ही आता पाच मिनिटांपूर्वी शिकलात.

त्या दिवशी आणखी एक अडचण आली, ती तुमच्याही लॅपटॉपला येऊ शकते. डिस्कला बिटलॉकर नावाचे कुलूप असेल तर सेफ मोडकडे जाताना मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती नसेल तर वाट बंद. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केले की हे कुलूप अनेकदा आपोआप लागते आणि मालकाला पत्ताही नसतो. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आज मशीन चालू आहे तोवर ती शोधा आणि वहीत लिहून ठेवा. तसेच रोजचा चार अंकी पिन सेफ मोडमध्ये कधी कधी चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. तोही माहीत असू द्या.

शेवटच्या तारखेची रात्र

एक गोष्ट चांगल्या शेवटाची सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल भाईजान नुसते रडवून गेले.

आपला जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. २९ सप्टेंबर २०१० ला देशातला आधारचा पहिला क्रमांक आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तेव्हापासून इथल्या माणसाचे रेशन असो, शिष्यवृत्ती असो की पेन्शन, सगळे कुठल्यातरी कॉम्प्युटरसमोर येऊन थांबते. तो कॉम्प्युटर बंद पडला तर समोरचा माणूस थांबतो.

शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. रात्रीचे साडेआठ. केंद्रात अकरा मुले-मुली बसलेली, त्यातली चार सातपुड्यातून खाली आलेली, परतीची शेवटची गाडी निघून गेलेली. दुपारी मी अंगठ्याच्या यंत्राचा नवीन ड्रायव्हर टाकला होता. मशीन रीस्टार्ट झाले आणि गोल ठिपके फिरतच राहिले. पाच मिनिटे, दहा मिनिटे. सगळ्यांचे स्कॅन केलेले कागद त्याच मशीनमध्ये. माझा मदतनीस, वय एकोणीस, म्हणाला, "भाई, फॉरमॅट मारू का? पाऊण तासात होईल."

वय तेच, वाक्य तेच. माझ्या अंगावर काटा आला.

मी त्याला खुर्चीत बसवले आणि सांगितले, मी हात लावणार नाही, तू कर. बटण, चिन्ह, दहा सेकंद. पुन्हा. तिसऱ्यांदा निळा पडदा आला. ४ दाबले. काळा पडदा उघडला आणि मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, "गेला का?" तो म्हणाला, "नाही, आला." आधी त्याने अकराही जणांचे फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतले. मग डिव्हाइस मॅनेजर, अंगठ्याचे यंत्र, ड्रायव्हर अनइन्स्टॉल. रीस्टार्ट. नेहमीचा पडदा. घड्याळात नऊला पाच मिनिटे कमी होती. पोर्टल हळू होते, तरी बारा वाजायच्या आत शेवटचा फॉर्म गेला. सातपुड्यातल्या मुलांची झोपायची सोय अम्मीने आमच्या घरी केली.

त्या पोराला मी त्या रात्री सरांची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. सर तोवर या जगात नव्हते. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

थोडे मोबाइलबद्दल

तुमच्यापैकी पुष्कळांकडे कॉम्प्युटर नाही, मोबाइलच आहे. अँड्रॉइडमध्येही सेफ मोड असतो. बहुतेक फोनवर पॉवर बटण दाबून धरले की पॉवर ऑफचा पर्याय येतो. त्यावर बोट दाबून ठेवले की फोन विचारतो, सेफ मोडमध्ये जायचे का? तिथे तुम्ही स्वतः टाकलेली ॲप बंद असतात, फोनबरोबर आलेलीच चालतात. फोन गरम होतो, जाहिराती आपोआप उघडतात, एखादे ॲप निघतच नाही, अशा वेळी सेफ मोडमध्ये जाऊन अलीकडे टाकलेले ॲप काढा. रीस्टार्ट केले की फोन पूर्ववत.

इथेच एक सावधगिरी. ब्राउझरमध्ये मोठा लाल इशारा येतो, "तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला, या नंबरवर फोन करा." तो बिघाड नसतो, सापळा असतो. फोन केला की ते दूरून मशीन चालवणारे ॲप टाकायला लावतात आणि बँक खाते रिकामे करतात. फोन करू नका. केला असेल तर आधी इंटरनेट तोडा, ते ॲप काढा, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर तातडीने १९३० या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार करा. आणि सेफ मोडमध्ये इंटरनेट चालू असले तरी बँकेचे व्यवहार तिथे करू नका, कारण तुमचा अँटीव्हायरस त्या वेळी बहुधा झोपलेला असतो.

सेफ मोड कुठे कामाचा नाही

डिस्कमधून कट-कट आवाज येत असेल, तर सेफ मोडचे प्रयोग करत बसू नका. प्रत्येक प्रयत्नात डिस्क आणखी खराब होते. मशीन बंद करा आणि जाणकाराकडे न्या. बटण दाबल्यावर काहीच होत नसेल, दिवाही लागत नसेल, तर तो विजेचा किंवा बोर्डाचा प्रश्न आहे. आणि कधी कधी फॉरमॅट खरोखरच करावे लागते. मी फॉरमॅटच्या विरोधात नाही. ते शेवटी करायचे काम आहे आणि आपण ते पहिले करतो, कारण त्यात विचार करावा लागत नाही. मीही म्हणूनच केले होते.

आता घरी जाऊन करायच्या तीन गोष्टी सांगतो आणि थांबतो.

एक, आज रात्री चांगल्या चालणाऱ्या मशीनवर एकदा सेफ मोडमध्ये जाऊन या. रिकव्हरी की आधी जवळ ठेवा, आत जा, बघा, रीस्टार्ट करून बाहेर या. गरज पडेल तेव्हा हात कापणार नाहीत.

दोन, घरातली पेटी उघडा. आजोबांचे, आजीचे जे कागद असतील त्यांचे स्कॅन काढा आणि किमान दोन ठिकाणी ठेवा. एक पेन ड्राइव्ह, एक ऑनलाइन. डेस्कटॉपवर एकच प्रत ठेवणे म्हणजे ठेवले नसल्यासारखेच.

तीन, तुमच्यापैकी जो कोणी दुकानात, केंद्रात, शाळेत दुसऱ्याचा कॉम्प्युटर हाताळेल, त्याने समोरच्या माणसाला फॉरमॅटपूर्वी बसवून विचारावे: यात तुमचे काय आहे, आणि ते कुठे ठेवले आहे? त्याला डी ड्राइव्ह कळत नसेल तर स्वतः उघडून शोधावे. सरांनी मला प्रश्न विचारला होता. त्याचे नीट उत्तर द्यायला मला फक्त दोन मिनिटे लागली असती.

चहानंतर मागच्या खोलीत तीन जुनी मशीन ठेवली आहेत. तिन्हींमध्ये मी सकाळी येऊन बिघाड करून ठेवला आहे. तिघा-तिघांचे गट करा. फॉरमॅट मारायला मनाई आहे.